आठवीच्या पहिल्या आठ तासांत '२०४० चं जग' शिकवायचं का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ. तास भरायची सवय, दुसरं काय.

मी शाळेत संगणक शिकवते. आठवीच्या तंत्रज्ञान विषयाचा आराखडा यंदा नव्याने लिहायचाय, वर्षाचे ३० तास. समितीत आम्ही चौघं. कच्च्या मसुद्यात पहिले आठ तास 'उद्याचं जग' या घटकाला दिलेत. २०४० मधलं घर, २०४० मधलं रुग्णालय, २०४० मधल्या नोकऱ्या, आणि शेवटी मुलांनी 'मी आणि माझा यंत्रमानव' असा तक्ता करायचा.

हाच घटक मी गेल्या वर्षी घेऊन पाहिला. ३८ तक्ते आले, त्यातल्या २६ तक्त्यांत उडती गाडी. मी मोजल्या. उडत्या गाड्या तर मीही शाळेत असताना काढल्या होत्या, माझ्या गाडीला फक्त पंख जास्त होते. बाकी तक्ते देखणे होते, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत वेगळीच झाली. एका मुलीने तो तक्ता संगणकावर केला होता आणि मला पाठवायला बसली, तर तो सेव्ह कुठे झाला तेच तिला सापडेना. डाउनलोड्समध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा तीन फायली. तिन्ही उघडल्या, तिन्ही रिकाम्या. तक्ता होता डेस्कटॉपवर, 'अनटायटल्ड' नावाने. २०४० चं रुग्णालय तिने झकास काढलं होतं हो, पण आज दुपारी स्वतः केलेलं काम स्वतःला सापडत नव्हतं.

मी काही शहाणी नाही. २०११ साली अख्खं सत्र मी फ्लॅश (वेबवरच्या ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकवलं. 'पुढे सगळं वेब यावरच चालणार' असं वर्गात छातीठोकपणे सांगितलेलं मला लख्ख आठवतंय. आयफोनवर फ्लॅश कधीच चालला नव्हता. ही गोष्ट तेव्हाही डोळ्यांसमोर होती, पण बाई भविष्य सांगण्यात रंगल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला. त्या मुलांच्या ॲनिमेशनच्या फायली माझ्याकडे एका सीडीवर आहेत. सीडी घालायला लॅपटॉपला खाच नाही, ते आणखी निराळं.

आता याच वर्षीचा एक तास सांगते, म्हणजे मला काय विचारायचंय ते कळेल.

ग्रंथालयाच्या पुस्तकांची यादी एका स्प्रेडशीटमध्ये आहे, चार हजारांवर ओळी. आठवीतल्या एका मुलीला (हीच ती, 'फायनल खरंच'वाली) ॲटलास हवा होता. तिने यादीत शोधलं, काही आलं नाही. ग्रंथपाल म्हणाले, "दोन आहेत. मी स्वतः शिक्के मारलेत." संगणक म्हणतो एकही नाही. मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि यादी भिंतीवर लावली. भूगोलाच्या नोंदी मुलांनी ओळीने वाचत नेल्या, आणि एका ठिकाणी सरळसरळ 'अॅटलास' लिहिलेलं दिसलं! मग शोधल्यावर का येत नाही? पाच मिनिटं नुसता गलका. एक म्हणाला व्हायरस, एक म्हणाली रिकामी जागा पडली असेल. रिकामी जागा तपासायला तिने 'लेन' सूत्र लावून दोन्ही शब्दांची लांबी काढली. आपण टंकलेल्या शब्दाची लांबी ५, यादीतल्या शब्दाची ६. शब्द तोच, रूप तेच, आणि एक अक्षर जास्त कुठून आलं?

तर 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र चढवूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी एकात एक खूण आहे, दुसऱ्यात दोन. तेव्हा त्याच्या मते हे दोन वेगळे शब्द. 'ॲ'ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी टंकणारे जमेल तशी वेळ मारून नेत आणि बोटांना लागलेली सवय सुटत नाही. आमची यादी तीन-चार जणांनी वेगवेगळ्या वर्षांत भरलीय.

मुलांनी शोधा-बदला चालवून १४३ नोंदी दुरुस्त केल्या. त्याआधी यादीची प्रत काढून ठेवा, हे मला सांगावं लागलं नाही. 'फायनल'वाल्या मुलीनेच आधी प्रत काढली आणि तिला तारखेसकट नाव दिलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. दोनातला एक ॲटलास सापडला, दुसरा अजून नाही.

तर प्रश्न असा. ते पहिले आठ तास मी अशा कामांना मागावेत असं वाटतंय. आज समोर जे मोडकं आहे ते घ्यायचं, का मोडलं ते शोधायचं, दुरुस्त करायचं. समितीतले एक सर म्हणतात, "हे कारकुनी झालं. मुलांना दूरदृष्टी द्यायला हवी." मी चुकतेय का? आणि आठ तास खरंच मिळाले तर त्यांत तुम्ही काय घ्याल? बैठक गुरुवारी आहे.

जुनी तार

खडूताई, आठच्या जागी सोळा मागा, म्हणजे आठ मिळतील.

मी डेटाबेसच्या कामात तीस वर्षं काढली. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकलो तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की हे फार तर पाच वर्षं टिकेल. अशा डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडचा मूळ शोधनिबंध १९७० चा, भाषा १९७४ ची, आणि आज सकाळी मी त्याच भाषेत एक क्वेरी लिहून निवृत्तीनंतरचे चार पैसे मिळवले. कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५९ ची. तिचं तेरावं तर दर पाच वर्षांनी कुणीतरी घालतं. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांना पत्रकारांपुढे सांगावं लागलं, की कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत.

चुकीचं भाकीत करणारे ऐरेगैरे असतात असंही नाही. यंत्रं २० वर्षांत माणसाचं कुठलंही काम करतील, असं हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं. पुढे ट्युरिंग पुरस्कार आणि नोबेल दोन्ही मिळालेला हा माणूस. कृत्रिम बुद्धिमत्तेतले दिग्गज जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले, की रेडिओलॉजिस्ट घडवणं आताच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. यंत्रं सुधारली, पण क्ष-किरण विभागातली माणसं काही घरी बसली नाहीत. त्यांचं ऐकून ज्या मुलाने ती शाखा सोडली असेल त्याचं काय? सायमन आणि हिंटन यांची ही गत, तर आठवीच्या पुस्तकातला 'उद्या' लिहिणारे आपण कोण?

आठ तासांतला एक तास बॅकअपला द्या. पण 'बॅकअप घेतला का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मुलांच्या देखत मूळ फाइल उडवा आणि म्हणा, आता परत आणून दाखवा. माझ्या उमेदवारीत एका ठिकाणी रोज रात्री टेपवर बॅकअप जात होता, वहीत सही होत होती. गरज पडली त्या दिवशी कळलं, की टेप सात महिने कोऱ्याच निघत होत्या. सह्या मात्र एकही दिवस चुकल्या नव्हत्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या.

अवांतर: तुमच्या त्या दोन 'ॲ'ना युनिकोडचे प्रमाणीकरणाचे (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याचे) नियमसुद्धा एक मानत नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप हे निस्तरेल या भरवशावर राहू नका. मुलांनी हाताने केलं तेच बरोबर.

अर्धविराम

असहमत. निदान अर्धा.

उडत्या गाड्या टाकून द्या, माझी हरकत नाही. पण 'पुढचं बघू नका' हे संगणकाच्या माणसाने सांगावं? आमच्या क्षेत्रात काही भविष्यांना तारीख असते. १९ जानेवारी २०३८, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटांच्या घड्याळाची क्षमता तिथे संपते. पुढच्या सेकंदाला ते १९०१ मध्ये जाऊन पडतं. इथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही, साधी वजाबाकी आहे. आज आठवीत असलेलं पोर तेव्हा नोकरीला लागलेलं असेल आणि कुठल्या तरी पंपाच्या नियंत्रकात ते घड्याळ दडलेलं असेल.

आयपी पत्त्यांचंही, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांच्या पत्त्यांचंही तेच. ३२ बिटांचे पत्ते म्हणजे जेमतेम ४२९ कोटी, हे १९८१ च्या तपशिलातच होतं. मध्यवर्ती साठा संपला फेब्रुवारी २०११ मध्ये. पर्याय नव्वदच्या दशकातच कागदावर तयार होता, कारण कुणीतरी पुढचा हिशोब केला होता. क्वांटम संगणकाचं घ्या. आजची कुलपं (मजकूर गुप्त ठेवणारे सांकेतिक लेखनाचे प्रकार) उघडेल असं यंत्र अजून कुणाकडे नाही. तरी अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची तीन मानकं जाहीर केली. कारण आज चोरून साठवलेला मजकूर असं यंत्र आलं की उघडता येईल.

आणि एक टोचणारी गोष्ट. 'आज समोरचं करा' हे ज्याच्या घरात विचारायला माणूस आहे त्याला परवडतं. माझ्या घरी नव्हता. दहावीनंतर कुठे जायचं हे मला एका शिक्षकाने सांगितलं. त्यांनी मांडलेलं चित्र अर्धं चुकलं, पण त्यांनी ते मांडलं तरी. ते आठ तास काढून टाकाल, तर ज्या मुलाला घरी कुणी सांगणारं नाही त्याला शाळेतही कुणी सांगणार नाही.

निशाचर

+१ खडूफळा.

ज्या सरांना दूरदृष्टी हवी आहे त्यांचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असणार, पैज. (हलके घ्या.)

दोन पोरांची आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. माझा मुलगा म्हणतो, "आई, २०२२ पासून चॅटजीपीटी आहे. ॲ का सापडत नाही ते मी त्याला विचारीन, शिकू कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

खडूफळा

सगळ्यांचे आभार. एकेकाला घेते.

निशाचर, पैज हरलात. मॉनिटरवर नाही, कीबोर्डच्या खाली आहे.

जुनी तार, तुमचा टेपचा किस्सा समितीत वाचून दाखवणार. नाव विचारलं तर 'एक अनुभवी गृहस्थ' म्हणेन. फाइल उडवायचा तास नक्की.

दोन पोरांच्या ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. मुलाला विचारू द्या की! आम्ही वर्गात विचारलं. एका चॅटबॉटला 'ॲटलास यादीत आहे पण शोधल्यावर सापडत नाही' एवढंच सांगितलं, तर त्याने आठ कारणं दिली, त्यात सहाव्या क्रमांकावर हे होतं. वाईट नाही. पण आठांतलं कुठलं खरं हे ठरवायला यादीशी झटावं लागलंच, आणि 'लेन' लावून बघण्याची बुद्धी त्या पोरीला आधीच झाली होती. मग मीच आगाऊपणा करून त्याला विचारलं, आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं किती? त्याला कळायचा काही मार्गच नाही. तरी गडी न कचरता आकडा देऊन मोकळा. मुलं खो-खो हसली. एकजण मात्र हसला नाही. तो म्हणाला, "बाई, मी याला काल इतिहासाचे सन विचारले होते." पुढचा अर्धा तास तो पाठ्यपुस्तक घेऊन एकेक सन ताडून बघत बसला होता. तुमच्या मुलाला एवढंच सांगा, ज्याचं उत्तर तुला पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी त्याला आधी विचार. मग बाकीचं विचार.

आता अर्धविराम. तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प बसले होते. शेवटचा परिच्छेद टोचला, आणि टोचायलाच हवा होता.

२०३८ चं काल वर्गात करून पाहिलं. २१४७४८३६४७ हा आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, हे सेकंद आहेत, १९७० च्या पहिल्या क्षणापासून मोजा, कुठे पोचता बघू. ८६४०० ने भागल्यावर २४८५५ दिवस आणि वर ११६४७ सेकंद उरले. उरलेल्या सेकंदांचे ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद झाले तेव्हा मागच्या बाकावरून टाळी पडली. भागाकाराला टाळी मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकली. मग लीप वर्षांवरून भांडणं जुंपली. लगेच एकाने स्वतःच्या फोनची तारीख २०३८ च्या पुढे नेता येते का ते पाहिलं. गेली, फोन नवा होता. प्रयोगशाळेतला एक जुना डबा मात्र २०३७ च्या पुढे जायला तयारच होईना. मुलं त्याच्याभोवती अशी उभी होती, जणू आजारी माणसाला बघायला आलीत.

तेव्हा तुमच्याशी अर्धी तडजोड. ज्या भविष्याला हिशोब आहे ते आठ तासांत राहील, पण ज्याला नुसता तक्ता आहे ते जाईल. नोकऱ्यांचं मला अजून नीट सुचलेलं नाही. एक विचार आहे, की '२०४० मधल्या नोकऱ्या' काढून तिथे आज काम करणारी माणसं वर्गात आणायची. नेटवर्कच्या तारा ओढणारा, रुग्णालयात क्ष-किरण यंत्र चालवणारी, दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळणारा. तुम्ही शिकलात काय, करता काय, गेल्या सोमवारी काय बिघडलं, एवढं त्यांनी सांगायचं. घरी सांगणारं कुणी नसलेल्या मुलाला याचा उपयोग होईल का?

अर्धविराम

होईल. फक्त पगार आणि रस्ता दोन्ही विचारायला लावा. म्हणजे कुठला अभ्यासक्रम, किती वर्षं, प्रवेश कसा. मला 'गेल्या सोमवारी काय बिघडलं' हे कुणी सांगितलं असतं तर मी हे क्षेत्र निवडलं नसतं, पण ते जाऊ दे. तो २०३७ वाला डबा फेकू नका, मुलांना तो आतून उघडून दाखवा.

जुनी तार

गुरुवारी काय झालं? आणि तो दुसरा ॲटलास?

खडूफळा

आठातले पाच मिळाले. 'यंत्रमानव' तक्ता राहिला, कारण प्रदर्शनात भिंतीवर लावायला काहीतरी लागतं. टेपचा किस्सा ऐकून सर म्हणाले, "सह्या नियमित होत्या ना?" बहुधा विनोद होता.

दुसरा ॲटलास आज सापडला. 'फायनल'वाल्या मुलीने पहिलं अक्षरच गाळलं आणि नुसतं 'टलास' शोधलं. दोन नोंदी आल्या. दुसरी भूगोलात नव्हतीच, इतिहासाच्या कपाटात होती, 'ऐतिहासिक ऍटलास' म्हणून. 'ए'वर चंद्र! आणखी जुन्या कुणीतरी टंकलेला. लांबी काढली तर पाचच, म्हणून 'लेन'लाही तो कधी खटकला नसता. आता यादीत 'ऍ' किती आहेत ते मोजायचंय. उद्याचा तास त्यात जाणार.